लिथुआनियन माणसाबरोबर मैंदर्गीला

मैंदर्गीला जाऊन आलो असं सांगितलं तर सोलापुरात कुणी तोंडातलं पान बाजूला घेऊन 'असं?' म्हणायचीही तसदी घेणार नाही. अक्कलकोट रोड स्टेशनावर उतरावं, अक्कलकोटापर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला तिथल्या चावडीवर बसून सोलापूरच्या गमती सांगू लागतो. असला प्रवास लिहून काढणं म्हणजे माजघरातून ओसरीवर कसे आलो ते लिहून काढण्यासारखं आहे. पण मी गेलो तो एका लिथुआनियन माणसाला बरोबर घेऊन गेलो, आणि तसा आमच्या जिल्ह्यातून आजवर दुसरा कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. जे मैंदर्गीला गेले नाहीत, किंवा गेले पण लिथुआनियनाशिवाय गेले, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझं बोलणं निम्मं करून ऐकायची आमच्या पेठेत पद्धत आहे. इथं तसं करू नये. लिथुआनियाबद्दल जे अगदी अशक्य वाटेल ते खरं समजावं, आणि जे चटकन पटेल ते मी जुळवलेलं आहे असं समजून पुढं चालावं.

पुण्यापासून गाडीत

माझी भाची यमू हिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. माझी बहीण अंबू मैंदर्गीला दिलेली. तिचे यजमान तिथं शाळामास्तर. मी सोलापूरच्या एका गिरणीच्या कापडाचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारा माणूस, म्हणून यमूचा शालू मुंबईहून आणायचं काम माझ्याकडे आलं. शालू घेऊन परत येत असताना पुण्याला आमच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक गोरा चढला. तो इतका उंच होता की बसला तेव्हा उभा राहिल्यासारखा वाटे, आणि उभा राहिला की छताला मान टेकवून आमच्याकडे विहिरीत डोकावल्यासारखा पाही. समोरच्या बाकावर बसलेले दोघं आपण होऊन उठले. तिसऱ्या वर्गात साहेब चढला म्हणजे एक तर चुकून चढला किंवा कुणाला पकडायला चढला.

मी मात्र जागचा हललो नाही. एक तर शालूचं गाठोडं मांडीवर होतं, आणि दुसरं, कुणाशी बोलायला मिळालं तर मी पोलिसाशीही बोलतो.

"इंग्लिशमन?" मी विचारलं.

"नाही."

"जर्मन?"

"नाही."

"मग रशियन असाल."

यावर त्याचे कान असे लाल झाले की मला वाटलं, आता हा साखळी ओढतो. मग सावकाश म्हणाला, "लिथुआनियन." त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच वाईट होतं, त्यामुळं एकमेकांचं सगळं नीट समजलं. त्याचं नाव जोनास. देश रशियाच्या आणि जर्मनीच्या सांदीत. झारानं तो गिळून ठेवला होता आणि चाळीस वर्षं त्यांच्या भाषेत त्यांच्या अक्षरांनी पुस्तक छापायला बंदी केली होती. लोक शेजारच्या मुलखात पुस्तकं छापून घेत आणि गवताच्या गाडीत लपवून सीमेपलीकडून आणत. सापडला तो सैबेरियात. मोठं युद्ध संपताना देश सुटला. इतकं होऊनही तो जिथं जाईल तिथं माणसं त्याला विचारतात, तो सांगतो, आणि शेवटी माणसं म्हणतात, "म्हणजे रशियनच ना?"

"निदान एका गावात तरी," तो म्हणाला, "हा शब्द राहिला पाहिजे."

पुण्याला तो संस्कृत शिकत होता. त्यांची भाषा संस्कृताच्या फार जवळची म्हणे. पण पुण्यात ती भाषा आजाऱ्यासारखी निजवून ठेवली आहे आणि सगळे तिच्या उशापायथ्याशी बसून हळू बोलतात. त्याला ती कामाला जुंपलेली ऐकायची होती. त्यासाठी कुठं जावं ते कळेना, म्हणून विजापूरचा घुमट पाहायला निघाला होता.

मी म्हणालो, "घुमट कुठं पळत नाही. माझ्या भाचीचं लग्न आहे. मांडवात माझ्या शेजारी बसा. अग्नीसमोर, धुरात, भुकेल्या भटजींच्या तोंडून ऐका. यापेक्षा कामाला जुंपलेलं संस्कृत तुम्हाला हिंदुस्थानात मिळायचं नाही."

त्यानं माझा हात असा दाबला की पुढं दौंडपर्यंत मला पानाला चुना लावता आला नाही. शब्द देताना मी पुढचा विचार करत नाही हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. जोनासला ते माहीत नव्हतं.

कुर्डुवाडी

पुढचा विचार कुर्डुवाडीच्या फलाटावर स्वतःच समोर आला. यमूचं सासर वेळापूरचं. वऱ्हाड पंढरपूरहून छोट्या गाडीनं येऊन आमच्याच गाडीत बसणार होतं. त्यात दोन माणसं महत्त्वाची. एक नवऱ्या मुलाचे वडील वामनराव. वेळापूरच्या जुन्या देवळात त्यांची पिढीजात पूजा. स्वभावानं वाईट नाहीत, पण वरपिता झालेल्या माणसाचा स्वभाव कोण विचारतो? दुसऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण, सगळ्यांच्या आत्याबाई. सोवळ्याच्या बाबतीत इतक्या करड्या की त्यांच्या अंगणावरून जाताना कावळासुद्धा सावली आखडून घेई. त्या ज्याला हो म्हणतील ते वामनरावांच्या घरात होतं, आणि ज्याला नाही म्हणतील ते आधीपासूनच झालेलं नसतं.

वऱ्हाडाचं सामान इकडं, आमचं तिकडं. हमालांना काय कुठं जायचं ते मी फलाटाच्या मधोमध उभा राहून मोठ्या अधिकारानं सांगत होतो. याचा परिणाम असा झाला की जोनासची ट्रंक, जिच्यात त्याचे उन्हाळी कपडे होते, ती छोट्या गाडीत चढली आणि पंढरपूरला निघून गेली. मी तीन वर्षं पंढरपूरला जायचं म्हणतो आहे. ती ट्रंक माझ्याआधी जाऊन आली. जोनासकडं उरलं ते अंगावरचं: एक जाड सदरा, विजार, हातावर टाकलेला लोकरीचा कोट, आणि खांद्याची पिशवी.

ट्रंकेच्या गोंधळातच वामनराव जवळ आले.

"मामा, हे साहेब कोण तुमच्याबरोबर?" यमूचा मामा म्हणून सगळे मला मामाच म्हणत.

"साहेब नव्हेत. लग्नाला येताहेत."

"लग्नाला?" वामनरावांनी उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "हे बघा मामा, मी देवळातला माणूस. मांडवात गोरा बसणार असेल तर आमची पावलं मांडवाला लागायची नाहीत. आत्ताच सांगितलेलं बरं. इथनं परतीची गाडीही आहे."

आता काय करावं? एकीकडं यमूचं लग्न, एकीकडं दिलेला शब्द. मी म्हणालो, "गोरे नव्हेत हो. लिथुआनियन आहेत."

"म्हणजे?"

"उत्तरेकडचे वैदिक. पूर्वी आपल्यातलेच. हिमालयापाशी फुटून ती शाखा वर गेली, थंडीनं वर्ण उतरला."

वामनरावांनी जोनासकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला बराच वेळ लागला. "गोत्र?"

"विचारून सांगतो. लांबचं आहे, त्यांनाही आठवावं लागेल."

ते हूं म्हणून डब्यात चढले. जोनासनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, तुमच्या देशाबद्दल फार उत्सुक आहेत. तो खूश झाला. खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं.

सोलापूर

वऱ्हाड पुढं गेलं. आम्ही दोघं सोलापूरला उतरलो, कारण आहेराची बोचकी घरी होती. तेव्हाचं ऊन काय सांगू? बायकोनं डब्यात कच्चे शेंगदाणे भरून खिडकीत ठेवले होते, ते दुपारी काढले तर भाजून सालं सुटलेली. तिनं तिथंच मीठ, लसूण, तिखट घालून चटणी कुटली.

जोनाससाठी कपडे शोधले. माझा सदरा त्याच्या बेंबीशी येऊन थांबला. धोतर नेसवलं, ते दोन पावलं चालून आपल्याआपण पंचा झालं. शिंपी म्हणाला, एवढ्या माणसाचं माप घ्यायला शिडी आणि शिवायला आठवडा लागेल. तेव्हा तो म्हणाला, राहू द्या, लग्नाला मी आमच्या घरचाच पोशाख घालीन. तो कोट-विजार त्याच्या बहिणीनं घरच्या मेंढ्यांची लोकर घरी कातून घरच्या मागावर विणलेला होता. आणि आतला सदरा जवसाचा.

"कशाचा?" बायकोनं दारामागून विचारलं.

"जवसाचा. झाडाच्या काड्या कुजवतात, कुटतात, त्याचं सूत निघतं."

"जवसाची चटणी होते. तुम्ही गाडीत काही खाल्लं होतं का?"

मी निम्मं करून ऐकण्याविषयी वर लिहिलं ते याच कारणासाठी.

जेवायला कडक भाकरी केली होती. आमच्याकडची कडक भाकरी पुणेकराला दिली की तो ती उलटसुलट करून बघतो आणि शेवटी तिच्यावर काहीतरी लिहावं अशा बेतानं खाली ठेवतो. जोनासनं ती कडाकडा मोडली, चटणीला लावली, आणि डोळे पुसत सात-आठ खाल्ल्या. मग पिशवीतून त्यांच्या घरच्या रीतीनं पुण्यात भाजून घेतलेला काळा पाव काढला. तो मी चावून पाहिला. माझी एक दाढ बरेच दिवस हलत होती, ती त्या दिवसापासून पक्की बसली. ताकाचा वाडगा पाहून त्याला घरची आठवण झाली. त्यांच्याकडं उन्हाळ्यात आंबट ताकात बीट किसून घालतात आणि ते गुलाबी कालवण गार पितात. बायको म्हणाली, "बिचारे. लग्न झालेलं दिसत नाही."

गाडीवाट

अक्कलकोटाला मोटार सोडली तेव्हा मास्तरांनी धाडलेली बैलगाडी उभी होती. गाडीवान भीमू धनगर. मैंदर्गीची माणसं दोन भाषा बोलतात, पण बैल एकच जाणतात. त्यामुळं भीमू आमच्याशी मराठी बोले, बैलांशी कानडी, आणि रागावला म्हणजे दोघांशी कानडी.

"मामा, ह्ये सायेब कुटलं?"

"साहेब नव्हे रे. लिथुआनियन आहेत."

"मंजी? कुन्या जातीचं?"

जात नव्हे, देश आहे, एवढंच म्हटलं असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं, म्हणून मी त्या दिवशी प्रथमच सरळ खरं सांगायचं ठरवलं. झार सांगितला, बंदी सांगितली, गवताच्या गाडीतून आणलेली पुस्तकं सांगितली.

भीमूनं बैल थांबवले. "पुस्तकं?"

"हो."

"चोरून?"

"हो. जिवावर उदार होऊन."

"मामा, अफू म्हना की. मी काय कुनाला सांगतोय व्हय? पुस्तक कोन चोरून आनंल?" त्यानं जोनासकडं वळून समजूतदारपणे मान हलवली. "असू द्या. पोटासाठी मानूस करतंय."

पुढं रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला. जोनास गाडी थांबायच्या आत खाली उतरला. एका मेंढीला मागून धरून बसती केली, लोकरीत बोटं घातली, खुरं पाहिली, कानामागं वास घेतला. कळपवाला धनगर काठी घेऊन धावत आला होता तो तसाच थांबला. अनोळखी माणसाच्या हाताखाली मेंढी अशी बसत नाही.

"घरी हायती का मेंढरं ह्यांच्या?" भीमूनं विचारलं.

मी जोनासला विचारलं. तो म्हणाला, वडिलांची आहेत, आजोबांचीही होती. लांडग्यांचा फार त्रास.

"आन कोट?"

"घरच्या लोकरीचा. बहिणीनं विणलेला."

"मग मगाधरनं सरळ सांगायचं की वो मामा," भीमू म्हणाला. "धनगरच हाय की मानूस." त्यानंतर मैंदर्गीपर्यंत त्यानं मला हाक मारली नाही. जोनासला गाडीच्या पुढं आपल्याशेजारी बसवलं, कासरा हातात दिला, आणि दोघं एकमेकांच्या भाषेतलं एक अक्षर न कळता दोन कोस मेंढ्यांबद्दल बोलत गेले. बैलांनी मात्र जोनासचं लिथुआनियन लगेच मानलं. ते कानडीपेक्षा जलद चालले.

मैंदर्गी

मी घोटाळा केला तो असा. वामनरावांना एक सांगितलं, भीमूला स्वतःच दुसरं काही ठरवू दिलं, आणि दोघांना एकाच गावात नेऊन सोडलं. सकाळी उठून पाहतो तर विहिरीवर, न्हाव्याकडं, आचाऱ्यापाशी एकच शब्द चालू. "लिथुआनियन." जोनास ओसरीवर दाढी करत होता, तो शब्द ऐकून वस्तरा थांबवून हसत होता. त्याला वाटलं, गाव आपल्याला ओळखतं आहे.

ओळखत होतंच. भीमूनं सगळ्यांना सांगितलं होतं की मामांनी उत्तरेकडचा मोठा धनगर आणला आहे.

अंबू माझ्याकडं आली ती पदरानं डोळे पुसतच. "दादा, काय करून ठेवलंस? व्याही जानवसघरातून निघायला तयार नाहीत. म्हणतात, मामांनी फसवलं. यमू हळद लावून बसली आहे रे. तेवढं त्या माणसाला गावाबाहेर मारुतीच्या देवळात नेऊन बसव."

"त्याला बोलावलं मी. मंत्र ऐकायला म्हणून शब्द दिला."

"आणि मी शब्द दिला नाही का वेळापूरकरांना?"

मी टोपी घातली आणि जानवसघरात गेलो. वामनराव भिंतीला पाठ लावून बसलेले, नवरा मुलगा मुंडावळ्या बांधलेला आणि घामाघूम, मुहूर्त तासाभरावर.

"या मामा," वामनराव म्हणाले. "काय, आठवलं का गोत्र?"

"वामनराव, ते..."

"वैदिक म्हणालात. गाव धनगर म्हणतं. आचारी म्हणतो अफूचा व्यापारी. तुमचा लिथुआनियन आहे तरी कोण? एकदा ठरवा, म्हणजे आम्हाला बैल जुंपायचे की नाही ते ठरवता येईल."

तेवढ्यात दारात अंधार झाला. जोनास आला होता. पूर्ण पोशाखात: लोकरीची विजार, लोकरीचा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्या उन्हात त्याला पाहूनच दोन वऱ्हाडी पाणी प्यायले. सारखा तो शब्द कानावर येतोय, म्हणून आपल्या देशाबद्दल काही विचारत असतील तर सांगावं, या भल्या हेतूनं तो आला होता. मी त्याला बाहेर लोटायला उठलो, तोच आतून आत्याबाई आल्या.

एक खुलासा करतो. आत्याबाईंना जोनासचं प्रेम नव्हतं. त्यांचा अक्षता पडेपर्यंत कडकडीत उपास होता, पुढचा मुहूर्त दोन दिवसांनी होता, आणि आचाऱ्याच्या बुंदीचा वास थेट जानवसघरात येत होता.

"अंगावर काय आहे त्याच्या?" त्यांनी विचारलं.

"कोट," मी म्हणालो.

"ते दिसतंय. कशाचा?"

"लोकरीचा."

त्या पुढं झाल्या आणि सगळ्यांदेखत जोनासची बाही चिमटीत धरली. वामनराव अर्धे उठले. "आक्का!"

"बैस तू. लोकरीला विटाळ असता तर मी धाबळी नेसून स्वयंपाक केला असता का इतकी वर्षं?" बाही उलटी करून पाहिली. "सुताचा धागा आहे का यात?"

"नाही. मेंढ्या घरच्या, चाती घरची, माग घरचा. बहिणीनं विणलंय."

"आत काय आहे?"

"जवस," मी म्हणालो, आणि आता सगळं बुडालं असं वाटलं. कोण विश्वास ठेवणार?

पण सोलापुरात कानावर पडलेला जवस हा शब्द जोनासला कळला होता. त्यानं सदऱ्याची कॉलर दाखवली आणि वामनरावांकडं पाहून स्वच्छ म्हणाला, "क्षौमम्."

वामनराव आक्कांनी बसवल्यापासून समोरच्या भिंतीकडं पाहत होते ते वळले. जवसाच्या धाग्याचं क्षौम वस्त्र सोवळ्यात चालतं हे त्यांनी जन्मभर वाचलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं. त्यांच्या देवालाही नव्हतं.

"बटणं?" आत्याबाईंनी विचारलं.

बटणं हाडाची किंवा शिंगाची असली तर संपलं. मी वाकून पाहिलं. लाकडाची होती. बहिणीनं भूर्जाच्या लाकडाची घासून केलेली. आयुष्यात कुठल्या बटणाकडं मी इतक्या भक्तीनं पाहिलं नव्हतं. विजारीचा पट्टा चामड्याचा निघाला, तो मी तिथंच ओढून काढला. विजार धरायला जोनासनं खिशातून रंगीत लोकरीची विणलेली पट्टी काढून कमरेला बांधली. ती त्यांच्याकडं लग्नात देतात म्हणे.

"आंघोळ झाली आहे?"

"झाली."

"मग हा सोवळ्यात आहे," आत्याबाई म्हणाल्या. "वामन, ऊठ. त्याला घोंगडी टाकून मांडवाच्या कडेला बसवा. पंगत वेगळी. आणि मामा, नीट सांगा त्याला. कोट अंगावर आहे तोवर सोवळा. उतरला की ओवळा. मधेच उतरला तर आम्ही पाटावरनं उठू."

मी जोनासला सगळं सांगितलं. या वेळी काही न घालता आणि काही न गाळता. तो म्हणाला, "मंत्र ऐकू येतील?"

"येतील."

"मग ठीक."

वैशाखातलं ऊन, पत्र्याचा मांडव, शेजारी होमाचा अग्नी आणि खाली घोंगडी. मंगलाष्टकांपर्यंत तो बरा होता. यमूला हाताला धरून मी अंतरपाटाशी आणली तेव्हा पाहिलं. केस कपाळाला चिकटलेले, पण कान भटजींकडं. लाजाहोम सुरू झाला आणि वारा नेमका त्याच्याकडं फिरला. धुराच्या पहिल्या लोटाला तो खोकत म्हणाला, "दूमास." भटजी त्याच वेळी धूम म्हणाले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि आपापलं काम पुढं चालू ठेवलं.

मग त्याचा चेहरा लाल होता तो पांढरा होऊ लागला. तो जरा डोलला. सगळे त्या वरच्या बटणाकडं पाहत होते. अंबू माझ्याकडं, मी आत्याबाईंकडं. त्याचा हात बटणापर्यंत गेला, थांबला, आणि मांडीवर परत आला.

वामनराव पाटावरून उठले. वरपिता मधेच उठला म्हणजे काय ते मुलीकडच्यांनाच कळतं. त्यांच्यासाठी ठेवलेला वाळ्याचा पंखा त्यांनी उचलला, वळसा घालून जोनासच्या मागं गेले आणि त्याला वारा घालू लागले. वरपित्यानं मुलीकडच्या पाहुण्याला वारा घातलेला मी आजवर ऐकलेला नाही. हे निम्मं करू नका. मी तिथं होतो.

"मामा," ते म्हणाले, "त्यांना कोट काढायला सांगा. माझी हरकत नाही."

"सप्तपदी राहिलीय," आत्याबाई म्हणाल्या.

जोनासनं विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, हे म्हणतात काढा, त्या म्हणतात अजून सात पावलं.

"सात," तो म्हणाला. "मग सात."

यमूनं पहिलं पाऊल तांदळाच्या राशीवर ठेवलं. भटजी मंत्र म्हणत होते आणि घोंगडीवरून घोगऱ्या आवाजात मोजणी येत होती: व्येनास, दु, त्रीस, केतुरी. वामनरावांचा पंखा हळू होत गेला. पेंकी. शेशी. सातव्या पावलाला "सेप्तिनी" ऐकलं तेव्हा तो थांबलाच. त्यांनी वाकून जोनासच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानंतर त्यांनी मला गोत्र विचारलं नाही, आजपर्यंत.

कोट विहिरीवर उतरवला. तो आम्ही तिघांनी धरून पिळला तेव्हा ओहोळ वाहत मास्तरांच्या आडात गेला. तो आड दर साली ज्येष्ठ लागायच्या आत आटतो. त्या साली पाऊस पडेपर्यंत पुरला. जोनास ओट्यावर माझ्याशेजारी वेगळ्या पंगतीत बसून मठ्ठ्याचे वाडगे रिचवत होता. निघताना त्यानं कमरेची पट्टी यमूला दिली. ती विटाळत नाही म्हणून आत्याबाईंनी लगेच घेऊन देवघरात ठेवली.

पुन्हा मैंदर्गी

घुमट पाहून तो पुण्याला गेला, तिथून पुढं कुठं गेला मला माहीत नाही. त्याचा देश कुठं आहे हे मी मास्तरांच्या नकाशावर शोधलं. करंगळीच्या नखाखाली झाकला गेला.

परवा परत मैंदर्गीला गेलो होतो. यमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. पोरगा पंधरवड्याचा. अंबू म्हणाली, "गुणी आहे हो. दुपारी पाळण्याखाली भट्टी पेटल्यासारखं होतं, पण हूं की चूं नाही. अगदी लिथुआनियन." मी विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, कुणी कशाला शिकवायला हवं? सगळेच म्हणतात. वेळापुरात आत्याबाई हट्टी सुनेला म्हणतात, जरा लिथुआनियन हो. बाजारात गिऱ्हाइकाला दुकानदार सांगतो, घोंगडी घ्या, लिथुआनियन आहे, पाच वर्षं तोंडातून शब्द काढणार नाही. रशियन कुणी म्हणत नाही. रशिया मैंदर्गीला ठाऊकच नाही.

हे सगळं येतानाच कळायला हवं होतं. अक्कलकोटापासून भीमूच्याच गाडीत होतो. डोक्यावर ऊन असं होतं की बैलांच्या शिंगांना हात लावला तर चटका बसे. मी पहिल्या कोसात टोपी काढली, दुसऱ्यात कोट, आणि तोंड सारखं चालूच होतं: काय हे ऊन, काय हा रस्ता, मोटार का करत नाहीत.

भीमूनं कासरा एका हातात घेतला. मग मागं न बघता म्हणाला, "मामा, लिथुआनियन व्हा की जरा. दोनच कोस ऱ्हायलंय."